डॉक्टरांनी सांगितलेलं मूळ

पिंपळनेर, ४ एप्रिल २०२५

चि. नवल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले नाही, कारण या घरातला फोन सगळेच ऐकतात. बाळंतपणापासून अंगात त्राण नाही. काल कांदा काढताना वाफ्यात बसले, ती उठवेना. सासूबाई साक्रीला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन सहा निघालं. डॉक्टर म्हणाले, हिच्या मूळपेशी थकल्या नाहीत, पण त्यांना लोह हवं आणि हिला विसावा. विसावा कुठून आणू?

यंदा आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला मूळ पाठवू नकोस. कांदा अर्धा शेतातच आहे. तू दारातून रिकामा परतलास तर मला सोसवणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी मेघाअक्का

धरणगाव, ११ एप्रिल २०२५

ती. अक्कास, नवलचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आई जेवली नाही. मी जळगावला डॉक्टरांना विचारून आलो. रक्त कमी पडलं की हाडांच्या मगजात निरोप जातो आणि तिथल्या मूळपेशी कामाला लागतात. एकीच्या दोन होतात. एक मूळचीच राहते, दुसरीपासून पुढे लाल पेशी घडतात. पण लोहच नसेल तर त्या फिक्या आणि थोड्याच होतात. पीठ संपलेल्या घरात भाकरी थापायला बसल्यासारखं. शिरेतून लोह दिलं की भरून निघेल म्हणाले.

आता ऐक. काल तुझ्या सासूबाईंचा फोन आला, "डॉक्टरनी मूळ सांगेल शे, लवकर ये." मूळपेशींतलं मूळ तेवढं त्यांनी ऐकलं आणि डॉक्टरांनी तुला माहेरी धाडायला सांगितलं असं समजल्या! मी हसू दाबून हो म्हटलं. वीस तारखेच्या रविवारी गाडी घेऊन येतो. तू गप्प राहा.

माया कमी करू नकोस.
तुझा नवल

पिंपळनेर, १६ एप्रिल २०२५

चि. नवल यास आशीर्वाद.

गप्प राहवलं नाही. फसवून माहेरी यायला मन धजेना. काल पोरीला पाजताना सासूबाईंना सांगून टाकलं, की डॉक्टर रक्तातल्या पेशींबद्दल बोलत होते, माहेराबद्दल नाही. आता कपडे पिशवीतून काढावे लागणार, असंच वाटलं.

त्या कांद्याची पात कापत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "माले तवयच समजनं व्हतं. माले कधी मूळ उनं नही. तू जाय."

त्यांना न्यायला माहेरून कधीच कुणी आलं नव्हतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मला रडायलाही दम पुरला नाही. रविवारी ये.

तुझी अक्का