बाबांची दुपार

आई,
इथूनच वाकून नमस्कार करते, म्हणजे तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का नको. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

आमच्या हॉस्पिटलात ‘हँड ओव्हर’ हा शब्द सारखा कानावर पडतो. किल्ली दिली तरी तेच म्हणतात आणि पेशंट सोपवला तरी तेच. ड्यूटी संपली की पुढच्या नर्सला खाटेखाटेशी नेऊन सगळं सांगायचं, अगदी कोण रुसलंय तेसुद्धा, आणि निघायचं.

परवा मी सगळं सांगितलं आणि तरी एका आजोबांना पाणी पाजायला परत वळले. मोठ्या सिस्टरनी अडवलं. “सोपवलंस ना? मग आता तिच्यावर भरवसा ठेव.”

दारातून बघितलं तर माझ्या हातून दोन घोट घेणारे आजोबा तिच्या हातून अख्खा पेला प्यायले! खरं सांगते, राग आला. पण त्या दिवशी झोप मात्र गाढ लागली.

वहिनीने औषध दिलं तरी तू बाबांना पुन्हा विचारतेस, असं दादा फोनवर हसत सांगत होता. त्याच्यामागे वहिनी भांडी जरा जोरातच लावत होती. आई, तुझा गुडघा कसा आहे, खरं सांग. बाबांना कोणती कूस सोसते ते वहिनीला एकदा नीट सांग, आणि बाबांची रोजची दुपार तिला हँड ओव्हर करून तू आडवी हो.

राग येईल थोडा. येऊ दे.

तुझ्याच वळणावर गेलेली,
धाकटी