उंबऱ्याबाहेरचा मोतीराम

ता. २ जुलै १९३५, हरसूल

आलो एकदाचा! त्र्यंबकपर्यंत टांगा, पुढे बैलगाडी, शेवटी चिखलातून पायपीट. नाशिक तसं लांब नाही, पण मी परमुलखातच येऊन पडलोय. इथले लोक बोलतात ते मराठीच, तरी निम्मं डोक्यावरून जातं. मी बोललो की बायका पदर तोंडाला लावून हसतात. हसोत बापड्या!

लोकल बोर्डाने इथे इंग्रजीचा वर्ग उघडलाय — प्रयोग म्हणून. नाशकात दुसरं कोणी यायला तयार झालं नाही, म्हणून मी. आईला सांगितलं, बढती आहे.

ता. ५ जुलै

वर्ग म्हणजे शाळेची मागची खोली. गळते. पोरं भिंतीला टेकून बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात, जसा काही मी गारुडी.

सगळ्यांत थोराड मोतीराम. मिसरूड फुटलेलं, चिल्ल्यापिल्ल्यांत गुडघे कानाशी घेऊन बसतो. विचारलं, तुला रे कशाला इंग्रजी? म्हणाला, "बापाला फारेष्टवाल्यानं लाकडापायी धरला. कोर्टात साहेब इंग्रजीत बोलत व्हता. बाप नुसता व्हय व्हय करत गेला, मास्तर." तुरुंगातून आला तो खोकतच, आणि पुढच्या शिमग्याला गेला. आता घरात हा आणि आई, बयाबाई. तीच माझं पाणी भरते.

हजेरीत त्याचं नाव लिहून घेतलं.

ता. १९ जुलै

आज कोणीच आलं नाही. भातलावणी. मी आणि फळा.

ता. ११ ऑगस्ट

नाशकाला जाऊन आलो. शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब म्हणाले, डोंगरातल्या एका मुलासाठी हायस्कुलात फुकट शिक्षण आणि बोर्डिंगात जागा आहे. डिसेंबरात ते स्वतः इथे येऊन तोंडी परीक्षा घेणार. त्या दिवशी ठरेल ते ठरेल.

मोतीरामला सांगितलं. "बरं," म्हणाला आणि पाठ फिरवून गेला. नंतर खिडकीतून पाहतो तर गडी बांधावर एकटाच उड्या मारतोय!

ता. २ सप्टेंबर

हा पोरगा मला झोपू देत नाही. भल्या पहाटे दाराशी — "मास्तर, बैलाला 'कम हिअर' म्हनलं त येत नाय." म्हटलं, बैलाचं इंग्रजी कच्चं आहे. पोट धरून हसला. मीही हसलो. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

ता. २३ सप्टेंबर

थंडी वाजून ताप.

ता. १६ ऑक्टोबर

आज उठून बसलो. मधले दिवस कुठे गेले कळत नाही. दुकानदार इनायतभाईने त्र्यंबकच्या पोस्टातून हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणल्या. आज येऊन खाटेवर बसला, "हमकू तो लगा मास्तर गये!" म्हणाला. म्हणजे गेलोच होतो म्हणायचं.

बयाबाईने नागलीची पेज पाजली. आईला कळलं तर मला गोदेत बुडवून काढील. पण पोटात तीच काय ती टिकली. मोतीराम म्हणे दारातून हललाच नाही. भगतही येऊन गेला, उशाशी तांदूळ टाकून काहीबाही पुटपुटला. चालू द्या! माझी श्रद्धा कोयनेलवर.

ता. १४ नोव्हेंबर

डेप्युटीसाहेब ९ डिसेंबरला येणार, नक्की. मोतीराम तयार आहे. नदी, डोंगर, पीक, पाऊस, विचाराल ते सांगतो, न अडखळता. उच्चार राकट, पण चूक सापडत नाही. बाकीची पोरं नावालाच. सगळी भिस्त याच्यावर.

वाटतं, हा नाशकाला गेला तर माझं इथे सडणं अगदीच फुकट नाही गेलं.

ता. ४ डिसेंबर

मोतीराम चार दिवस नाही! बयाबाईला विचारलं तर हंडा उचलून चालू लागली. शेवटी इनायतभाईकडून कळलं — डोंगऱ्या देवाला बसलाय.

ही इथली रीत. नवस फेडायचा तर गडी घर सोडतो, एक वेळ जेवतो, अनवाणी गावोगाव नाचत फिरतो. मार्गशीर्षी पुनवेला देव पुरा होतो. तोवर कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. पुनव दहाला! परीक्षा नऊला! कपाळावर हात मारून घेतला.

ता. ५ डिसेंबर

पलीकडच्या पाड्यावर गेलो. खळ्यात जाळ, पावरी वाजतेय, आणि हा आमचा विद्वान पायात घुंगरं बांधून नाचतोय. बाजूला ओढला.

"शुद्धीवर आहेस का? नऊ तारखेला काय आहे?"

"ठावं हाय, मास्तर."

"मग?"

"देव पुरा झाल्याबगर आत शिरता येत नाय."

"शाळा म्हणजे काय घर आहे?"

"उंबरा हाय ना."

"नवस कोणासाठी? आई तर चांगली ठणठणीत आहे तुझी!"

वाकून घुंगरं घट्ट करू लागला. भगत मध्ये पडला, "इचारू नका, मास्तर. देव पुरा होस्तोवर ज्याच्यापायी बसलाय त्याचं नाव घेत नसतात."

माझा तोल गेला. बाप अडाणी मेला, तूही तसाच मर, म्हणालो. सगळ्यांसमोर. तो परत जाऊन नाचू लागला.

बोलायला नको होतं. पण चूक त्याचीच आहे!

ता. ८ डिसेंबर

झोप नाही. उद्या तरी येईल. अक्कल असली तर येईल.

ता. ९ डिसेंबर

आला.

साहेब सकाळपासून वैतागलेले, गाडीने हाडं खिळखिळी झालेली. पोरांना विचारलं, त्र्यंबकला कुठली नदी उगम पावते? साधा प्रश्न, इंग्रजीत. पोरं गप्प. मी घामाघूम. तेवढ्यात अंगणातून आवाज — "द गोदावरी, सर!"

उंबऱ्याच्या पलीकडे मोतीराम. उघडा, कपाळाला राख, हातात मोरपिसं, पाय धुळीने माखलेले. रात्रभर चालून आला असणार.

साहेब म्हणाले, "कम इन."

"आय कॅनॉट, सर."

"व्हाय नॉट?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायचं होतं — साहेब, जरा दोन पावलं अंगणात चला, पोरगा हुशार आहे. एवढंच! पण साहेबांच्या कपाळावरची आठी पाहिली आणि मला लाज वाटली. माझी पाच महिन्यांची मेहनत घुंगरं बांधून उभी! साहेबांनी विचारलं, हा तुमच्या वर्गातला का? मी म्हणालो, नाही साहेब, याचं नाव कधीच काढून टाकलंय.

इंग्रजीत म्हणालो. कोणाला कळू नये म्हणून. पण त्याला कळलं. मीच शिकवलं होतं.

पिसं खांद्यावर टाकून गेला. घुंगरं बराच वेळ ऐकू येत होती.

जागा यंदा कोणालाच नाही. साहेब गेल्यावर हजेरीत त्याच्या नावावर रेघ मारली, निदान थाप तरी खरी व्हावी म्हणून.

ता. १० डिसेंबर

डोंगरावर रात्रभर पावरी. दार लावून बसलो.

ता. १२ डिसेंबर

बयाबाई पाणी ओतून गेली नाही, तिथेच उभी राहिली. "देव पुरा झाला, मास्तर. आता सांगाया हरकत नाय. नवस तुमचा व्हता. तापात तुमी चालला व्हतात, तवा पोरगा बोलला — मास्तर उठू दे, मी देवाला बसंन. मोडला असता त तुमच्यावरच फिरला असता." एवढं बोलली आणि रिकामा हंडा घेऊन गेली.

शाळेत मोतीराम आधीच येऊन बसला होता, आत, नेहमीच्या जागी. टाचा फुटलेल्या. हजेरी घेतली. त्याच्या नावाशी आलो, रेघेखालचं नाव वाचलं. मग मोठ्याने पुकारलं.

"प्रेझेंट, सर," म्हणाला.