गुरांसारखं

रामप्रसाद,

हिटलरच्या छावणीतून वाचलेल्या ज्यू बाईच्या आठवणींवर तू सिनेमा काढलास, चांगलं केलंस. पण आपल्या बापूला दाखवच म्हणून माझ्यामागं काहून लागलास?

पुस्तकात ती बाई एकदाच म्हणते, ‘आम्हाला गुरांसारखं रेल्वेच्या डब्यात कोंबलं.’ तू मात्र दर पाच मिनिटाला गुरं आणलीस! डब्यातली माणसं दिसली की लगेच गाय हंबरते.

बापू मधूनच उठला. म्हणाला, “ह्यानं जनावर कधी नेलंच न्हाई. आपल्या तांड्यानं पिढ्यान्‌पिढ्या बैल हाकले. आधी त्यांना पाणी, मग आपल्याला. गुरांसारखं म्हणजे असं व्हय?”

तू पुण्यात बसून मोकळा, उत्तरं मी द्यायची.

मागच्या महिन्यात ‘आता बैल कशाला’ ह्या तुझ्याच हट्टापायी आपली बैलजोडी वसमतच्या बाजारात विकली. न्यायला आलेला टेम्पोवाला घाई करून राहिला होता. पाणी न पाजताच मी त्यांना चढवलं.

सिनेमातून उठलेल्या बापूनं दारातच विचारलं, “आपल्या जोडीला पाजलं होतंस ना?”

मी व्हय म्हणाले.

हे पत्र टाकत न्हाई. तू ह्याचाबी सीन करशील.

तुझी ताई,
रीता