डबा दुप्पट करून

नागपूर,
९ जुलै २०२४

प्रिय दामिनी,

कशी आहेस? मौद्याच्या कॉलेजात शिकवतेस असं कळलं. पोरं नशीबवान आहेत. इथे सगळं ठीक. विभागात नवा एसी आला आणि आठवड्यात बंदही पडला. मी डिसेंबरात निवृत्त होतोय. निरोपाची भाषणं ऐकावी लागणार.

हे पत्र तुझ्या आईला, भागीरथाबाईंनाही वाचून दाखव. त्यांच्यासाठी जरा सोपं लिहितो. अतिथंड अणूंच्या ढगात सॉलिटॉन नावाच्या लाटा न विस्कटता धावतात. आपण संगणकावर अशा दोन लाटा एकमेकींवर सोडायचो. टकरीनंतर एक तिसरी, चिमुकली लाट दिसायची. ती टकरीतच जन्मते, असं मी ठरवून टाकलं आणि शोधनिबंध लिहायला घेतला.

तू म्हणालीस, "सर, ती टकरीतून नाही, काठावरून येऊन राहिली. डबा दुप्पट करून पाहा ना."

आपल्या संगणकातल्या डब्याचे, म्हणजे लाटांना धावायला दिलेल्या जागेचे, दोन्ही काठ जोडलेले होते. उजवीकडून गेलेलं डावीकडून परत यायचं. एवढी साधी गोष्ट तीस वर्षं शिकवणाऱ्याला तू सांगावीस, याचाच मला राग आला.

विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे मी म्हणालो की चूक तुझ्या प्रोग्राममध्ये आहे. तू पीएचडीची नोंदणी सोडलीस. माझा निबंध छापून आला, शालही मिळाली.

परवा जुन्या फाइली आवरताना सहज डबा दुप्पट करून पाहिला. लाट दुप्पट वेळाने आली. टकरीतून जन्मली असती, तर डब्याशी तिचं काय देणंघेणं? तुझंच बरोबर होतं.

वरचं 'परवा' खोडणार होतो, पण राहू दे, तुला दिसू दे मी अजून कसा आहे ते. मी हे समितीच्या आधीच्या सोमवारी पाहिलं होतं. समिती गुरुवारी होती. तीन दिवस गप्प बसलो आणि चौथ्या दिवशी तुला खोटं पाडलं.

नंतर तुझी आई उमरेडहून मला भेटायला आली होती. तिने तुला सांगितलं नसेल. "माह्या पोरीचं काय चुकलं, सर?" एवढंच तिने विचारलं. तुझं कामात लक्ष नसतं, असं मी सांगितलं. चहासुद्धा विचारला नाही. त्या बाईंनी वर माझे आभार मानले. मला लाज वाटते, दामिनी. कोणी सर म्हणून हाक मारली तरी वाटते.

आज निबंध मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवलं. त्या सोमवारची फाइल जोडून विद्यापीठालाही लेखी दिलं, की खोटं मी बोललो, तुझी नोंदणी परत द्यावी, मार्गदर्शक दुसरा नेमावा. प्रती सोबत आहेत. ते काय करतील ठाऊक नाही. माफी मागत नाही, ती देण्याचं ओझं तुझ्यावर कशाला? फक्त आईला सांग, पोरीचं काहीच चुकलं नव्हतं.

वयाने मोठ्याने शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. माझा हात धजत नाही.

तुम्हा दोघींना साष्टांग नमस्कार.

मधुसूदन