पुलावरची पाचची धून

२ फेब्रुवारी, रविवार
सु.च्या मेलमध्ये हिनोसे नगरपालिकेचं मासिक पत्रक आलं. दर महिन्याला येतं. ती गेल्याचं त्यांना कोण कळवणार. पत्रक आलं की रविवारी ती मराठीत वाचून दाखवायची. कुठला रस्ता बंद, बर्फ कधी उपसणार, नगरसेवकांनी काय विचारलं. मी पेपर वाचत असायचो.
"अहो, ऐकताय का?"
"हं."
आठ महिने एकही उघडलं नव्हतं. आज फोनमधल्या भाषांतरावर टाकलं. पान चार: १ एप्रिलपासून संध्याकाळी पाचची धून सगळ्या शहरात एकच राहील.
दोनदा वाचलं. पेपर तसाच पडून राहिला.

४ फेब्रुवारी
क्रमाने लिहून ठेवतो.
सु. होसकोट्याच्या कारखान्यात दुभाषी. मूळ कारखाना जपानात, हिनोसेला. इथल्या कामगारांबरोबर तिला दोन वर्षं तिथं पाठवलं. मीनू तेव्हा दहावीत, म्हणून मी इथं राहिलो. हिनोसेत रोज पाचला खांबांवरच्या कर्ण्यांतून धून वाजते. कर्णे भूकंप-पुराची सूचना द्यायला. ते चालू आहेत ना हे त्यातून कळतं, आणि खेळणारी मुलं घरी जातात. तिथं पाच म्हणजे इथं दीड. माझी टिफिनची वेळ. ती खोलीच्या गॅलरीतून फोन लावायची आणि आधी काहीच न बोलता फोन बाहेर धरायची. धून संपली की, "ऐकू आलं?"
"आलं. जेवतो आता."
दोन वर्षं एवढंच. एकदा वैतागून म्हणाली, "तुमचा एक शब्द इकडे पोचेपर्यंत इथला बर्फ वितळेल."
तिचा आवाज मीनूच्या फोनमध्ये आहे, लग्नाच्या व्हिडिओत आहे. धून कुठेच नाही.

७ फेब्रुवारी
हिनोसे नगरपालिकेला इंग्रजीत पत्र. विषय, संदर्भ, मजकूर. मोजणी खात्यातली सवय जात नाही. तिसरा खर्डा पाठवला. पत्नी आपल्या शहरात राहत होती, ती आता नाही, ३१ मार्चपूर्वी त्या धुनेची ध्वनिफीत मिळावी ही विनंती. 'ती आता नाही' हे वाक्य दोनदा काढून पुन्हा घातलं.

१३ फेब्रुवारी
उत्तर आलं. सामान्य प्रशासन विभागातल्या कुणी ओकादाबाई. माझं इंग्रजी वाईट आहे, माफ करा, अशी सुरुवात. माझ्याहून बरं आहे.
त्यांचा प्रश्न: कुठली धून? चार आहेत.
हे सु.ने कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी हं म्हटलं असेल.
हिनोसे हे मूळ खालचं गाव, दोन नद्या मिळतात तिथलं. जुनी गढी होती, आता नुसती दगडी भिंत. वर तीन खोऱ्यांत तीन खेडी, प्रत्येकाची स्वतंत्र पंचायत. माणसं कमी होत गेली तेव्हा सरकारने चारही गावांचं मिळून एक शहर केलं. शहराचं नाव काय ठेवायचं यावर भांडण, कचेरी कुठे यावर भांडण. धुनेचं कुणाला सुचलं नाही, म्हणून ज्याची त्याला राहिली. आता कर्णे जुने झाले. नवी यंत्रणा, सगळं कचेरीतून एका बटणावर. म्हणून एक धून. नगरसेवकांनी मान्य केलं. कामितानी खेड्याचे म्हातारे तेवढे सभेतून उठून गेले.
बाईंनी चारही धुना सोबत जोडल्यात.
आज ऐकल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी
ऐकल्या. एकही ती नाही.
पहिली, खालच्या गावाची, थोडी जवळची वाटते, पण पोकळ. तिसरी, कामितानीची, ओळखीच्या माणसासारखी. चेहरा आहे, नाव आठवत नाही. बाकीच्या दोन परक्या.
स्वयंपाकाला येणारी गौरम्मा ताट वाढून म्हणाली, "सर, स्वल्प तरी खा."

१६ फेब्रुवारी, रविवार
मीनू हेब्बाळहून आली. तिला ऐकवल्या.
"बाबा, इतक्या वर्षांनी तुम्हाला काय आठवणार? यातलीच एक असेल."
"नाही."
"मला तर काहीच आठवत नाही."
तिला कसं आठवणार. दीडला ती शाळेत. मी ऑफिसात, फोन कानाला. फोनवरची ती धून माझ्याशिवाय कुणी ऐकलेली नाही. माझं चुकत असेल तर सांगणारंही कुणी नाही.

२१ फेब्रुवारी
सु.च्या वह्या काढल्या. जपानी शब्द, समोर मराठी. एका पानावर तिची खोली ते कारखाना असा नकाशा. उत्तर दिशा दाखवलेली नाही. तेव्हाही म्हटलं होतं, उत्तर नाही. "अहो, तुम्ही मोजायला येणार आहात का?" म्हणाली होती.
नदी, पूल, पोस्ट, तिची इमारत. इमारत अगदी पुलाला लागून. ओकादाबाईंकडे जुन्या हद्दींचा नकाशा मागितला.

२५ फेब्रुवारी
नकाशा आला. दोन्ही शेजारी ठेवले. पुलापाशी नदी हीच हद्द. अलीकडे खालचं गाव, पलीकडे कामितानी. सु.ची इमारत अलीकडच्या काठावर. म्हणजे पहिली धून. पण पहिली ती नाही.
हद्दी पुसल्या तरी माणसं कर्णा कुणाचा ते विसरत नाहीत. बनशंकरीच्या पुढची जी खेडी मी साखळी धरून मोजली, ती आता बस स्टॉपची नावं आहेत.

३ मार्च, सकाळ
कचऱ्याची ऑटो आली, नेहमीचं गाणं लावून. मागच्या क्रॉस रोडवर दुसरी ऑटो होती, तिचंही गाणं चालू, जरा मागून. दोन्ही एकमेकांत मिसळून तिसरंच काही ऐकू येत होतं. मी बादली घेऊन फाटकात उभा. ऑटोवाला कानडीत म्हणाला, "सर, कोडी, कोडी," द्या, द्या, आणि बादली माझ्या हातातून घेतली.
ती एक धून नव्हतीच. दोन होत्या. अलीकडची आणि मागून नदीपलीकडची. सु. मधे उभी होती.

९ मार्च, रविवार
मीनूचा फोन आणि माझा, टेबलावर शेजारी. एकावर पहिली, एकावर कामितानीची. मी हाताने खूण करायची, तिने दुसरी सुरू करायची.
"आता?"
"अजून उशिरा."
"आता?"
"थोडं आधी."
बऱ्याच वेळाने जमलं. अडीच सेकंद. मीनूने पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाली, "आई हे रोज ऐकवायची तुम्हाला?"
"हो."
"मला वाटायचं तुम्ही दोघं फोनवर बोलतच नाही."
तिने कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून दिल्या. बरोबर आहेत. पण कचेरीत बसून घेतलेल्या. नदी नाही, वारा नाही. मीनूला म्हटलं, छान झालंय. तिला कळलं असावं.

१२ मार्च
हिशोब बसेना. एवढ्या नदीवरून आवाज यायला फार तर एक सेकंद. अडीच कसे? ओकादाबाईंना विचारलं. लगेच उत्तर: कामितानीचं घड्याळ पूर्वीपासून दीड सेकंद मागे आहे, तिथल्या म्हाताऱ्यांनी दुरुस्त करू दिलं नाही.
म्हणजे माझं चुकलेलं नाही.
पुढे लिहितात: मी कामितानीचीच. पुलावर दोन्ही ऐकू येतात हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक, पण कचेरीत कुणी ते लिहून ठेवलेलं नाही. ३१ला अर्धा तास आधी सुटून पुलावर जाईन. तिथून तुम्हाला फोन करू का?
दुपारभर खर्डे केले. मग एका ओळीत लिहिलं. हो, आभारी आहे.

२० मार्च
ओकादाबाईंची बदली. १ एप्रिलपासून पाणीपुरवठ्याला. तिथं दर एप्रिलला अशाच बदल्या होतात म्हणे. आपल्या पत्रव्यवहाराची फाइल पुढच्या माणसाला देऊ का, असं विचारलंय. नको म्हणून कळवलं.

३० मार्च, रविवार
पाडवा. यंदा आपल्याकडे सण नाही, वर्ष व्हायचंय. गौरम्माने तिच्या घरून कडुनिंब-गूळ आणला. "सणाचं नाही सर, औषध म्हणून." घेतला.
मीनू विचारत होती, उद्या येऊ का. म्हटलं, नको, ऑफिस कर.
"बाबा, समजा उद्या ऐकलीत. मग पुढे?"


३१ मार्च, सोमवार
एकपासून टेबलाशी. गौरम्माने ताट झाकून ठेवलं.
१.२६ला फोन. ओकादाबाई पुलावर. आवाज वाटला होता त्यापेक्षा तरुण. वाक्य पाठ करून आल्यासारखं म्हणाल्या, आज नदी मोठी आहे, वर बर्फ वितळतोय. खरंच नदीचा आवाज येत होता. सु. असताना कधी लक्षात आला नव्हता. पण होता. तोही त्यातलाच होता.
मग फोन बाहेर धरला असावा.
दीडला अलीकडची सुरू झाली. स्वच्छ. मी पलीकडच्या धुनेची वाट पाहिली. एक. दोन. अडीच. नाही आली.
कामितानीचे कर्णे शुक्रवारीच उतरवले होते. कंत्राटदार आधी आला. बाई आता तिथं राहत नाहीत, त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे नंतर कळलं.
पलीकडची मी म्हटली. ठरवून नाही. फोन तोंडाशी धरून, हळू. मला गाता येत नाही, सु.समोरही कधी म्हटलं नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. शेवटच्या ओळीला तिकडून बाईही म्हणू लागल्या. त्यांची लहानपणची.
अलीकडची संपली. आमची जरा मागून संपली.
बाईंनी विचारलं, ऐकू आलं?
आलं, म्हटलं. पुढचं नेहमीचं, जेवतो आता, तोंडाशी आलं होतं, ते म्हटलं नाही. फोन कानाशी तसाच धरला. तिकडे नदी चालू होती. बाईंनीही ठेवला नाही.