कोनाड्यातले मामा

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

सोलापूर, गिरणीमागची चाळ
पौष लागायला चार दिवस, वार बुधवार

तीर्थरूप बिरप्पामामांच्या पायांवर भाचा आणि जावई धुळा याचं डोकं. नाती दोन असल्यामुळं दोनदा टेकवलं आहे असं धरून चालावं. म्हाळसामामींना दंडवत, थोरल्या मेंढ्याला आणि कुत्र्याला आठवण. इकडे मी खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? खोकला गेला का? ही विचारपूस रीत म्हणून केलेली नाही. यंदा तुमच्या जिवाचा घोर मला लई लागला, आणि तो का लागला ते सांगायलाच हे पत्र आहे. तुमच्या लेकीबद्दल यात काही नाही. तिला धाडा असं मी एका ओळीनंही म्हणणार नाही. वर्षभर एका कामावर टिकायचं, मग पोरगी न्यायची, हे तुम्ही ठरवलंत आणि मी मान डोलावली. वर्षाला महिना उरला आहे. तेव्हा तसा गैरसमज नसावा.

(हिंदुराव मास्तर, तुम्ही वाचताय म्हणून सांगतो. 'लेकीबद्दल' हे जरा मोठ्यानं वाचा, चुलीपाशी कुणी बसलं असेल तर ऐकू जाऊ द्या. आणि 'हाय' लिहिलं की तुमची छडी बसायची ती अजून आठवते, म्हणून सगळीकडे 'आहे' लिहिलं आहे. दुसरीतनं पळालो तरी तेवढं शिकलो.)

तर मामा, तुम्हाला आठवत असेल, गेल्या संक्रांतीला तुम्ही तिला न्यायला आलात तेव्हा मी घरी नव्हतो. हॉटेलातलं काम त्याच दिवशी सोडलं होतं, कारण मालक गड्ड्याची जत्रा बघायला सोडत नव्हता, आणि सोलापुरात राहून सिद्धेश्वराचा गड्डा बघायचा नाही म्हणजे काय? त्याआधी बिडीच्या कारखान्यात होतो, तिथं तंबाखूनं शिंका यायच्या. त्याआधी रेल्वेच्या रुळांवर खडी टाकत होतो, तिथं शिंका येत नव्हत्या पण गाडी जाताना बघितली की आत बसावंसं वाटायचं. हातमागावर तर मी नऊच दिवस होतो, ते धरायला नको. सांगायचं ते हे, की गड्ड्यावर कुंभारानं मातीची रंगीत चित्रं मांडली होती, बोटभर उंचीची. तुमच्या लेकीला करमणूक होईल म्हणून मी त्यातली चार घेतली: एक टोपीवाला साहेब, एक शिपाई, एक ढेरपोट्या वाणी आणि एक डोक्यावर घागर घेतलेली गवळण. ती रुमालात बांधून घरी आलो, तर उंबऱ्यावर तुम्ही बसलेले आणि बोचकं बांधून ती मागं उभी. तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात. "मेंढरूसुदिक सावली बघून बसतंय, धुळा, तुला सावली बी पुरंना व्हय?" मग दोघं गेलात. रुमाल माझ्या हातातच राहिला.

माझ्याजवळ आता घरात माणसं म्हणून ती चारच. आठ दिवसांनी गिरणीत साचेखात्यात लागलो, सूत तुटलं की जोडायचं, दिवसभर तेच. संध्याकाळी भोंगा झाला की खोलीवर यायचं आणि त्या चौघांकडं बघत बसायचं. असं बघता बघता एक दिवस ध्यानात आलं की त्यातला साहेब एक हात कमरेवर ठेवून दुसरा पुढं करून कुणाला तरी हुकूम सोडतो आहे. मामा, रागावू नका, पण मला लगेच तुम्ही दिसलात. चाकू घेतला आणि साहेबाची टोपी खरवडायला बसलो. टोपीबरोबर डोकंही निघून आलं. ते डिंकानं परत बसवलं, पण जरासं वाकडं बसलं, त्यामुळं तुम्ही आता सदा दाराकडं बघता. (कोण येतंय का म्हणून बघावं तसं.) डोक्याला गिरणीतल्या तांबड्या सुताचा पटका बांधला. विजारीवर चिंधीचं धोतर नेसवलं. डोळे निळे होते ते काजळीनं काळे केले, पण सकाळच्या उन्हात अजून थोडे निळे दिसतात, त्याला इलाज नाही.

घोंगड्याचं मात्र अडलं. बाजारात काळी लोकर मिळते, पण ती आपल्या मेंढराची नव्हे, आणि तुमच्या खांद्यावर दुसऱ्याच्या मेंढराची लोकर टाकायला माझा हात धजेना. तेव्हा तुम्ही लग्नात दिलेल्या घोंगड्याचा एक कोपरा मी उसवला. तळहाताएवढाच. (मास्तर, हे भरभर वाचून पुढं जा.) काड्यापेटीच्या काड्यांचा माग केला, मोडक्या फणीचे दात लावले, आणि तीन रविवार बसून पानाच्या विड्याएवढं घोंगडं विणलं, काठासकट. मी, धुळा, तीन रविवार एका जागी बसलो. हे लिहिताना मलाच खरं वाटत नाही.

मग ते वेडच लागलं. वाण्याची वही काढून त्याला लुगडं नेसवलं, त्याच्या म्हाळसामामी झाल्या. (मामींना सांगताना वाणी म्हणू नका, गवळण म्हणा.) शिपायाची बंदूक कापून तिथं खराट्याची काडी दिली, तो मी. चिंचोका घासून त्याचं जातं केलं, गोट्याचा पाटा-वरवंटा, बाभळीच्या काट्याचा खुंटा. मेंढरं मातीची केली, वर टाकाऊ कापूस काजळीत घोळून चिकटवला, अशी एकवीस मेंढरं कोनाड्यात उभी राहिली. त्यांना काड्यांचा वाडा केला. आता ऐका, हसू नका. रोज सकाळी कामावर जाताना मी मेंढरं वाड्यातनं बाहेर काढतो, आणि संध्याकाळी आलो की आत घालतो, एकेक मोजून. तुमच्याकडं त्याच वेळेला मेंढरं परत येत असतील, धुरळा उडत असेल, कोकरं ओरडत असतील. माझ्याकडं आवाज नाही, धुरळाही नाही, पण वेळ तीच आहे. भोंगा झाला की सगळे दारू-चहाला जातात आणि मी मेंढरं आत घालायला पळत येतो. त्यापायी अकरा महिने माझा एक खाडा नाही. खोली सोडावी असं तीनदा मनात आलं, पण एवढं खटलं हलवायचं कसं? मोडेल की.

एक गोष्ट मात्र जमली नाही. गवळण तशीच राहिली आहे. तिची घागर काढली, लाली खरवडली, पण तोंड येईना. पहिल्यांदा केलं ते शेजारच्या बिडीवालीसारखं झालं. पुसलं. दुसऱ्यांदा हसरं झालं, पण तुमची लेक दात दाखवून हसत नाही, ओठ दाबून दुसरीकडं बघते. पुसलं. तिसऱ्यांदा मी ओठापाशी थांबलो, कारण मला आठवेना की तीळ डावीकडं आहे की उजवीकडं. आम्ही एकत्र राहिलो दीड महिना, त्यात माझे पंधरा दिवस काम शोधण्यात गेले. मामा, मेंढरांच्या कळपातनं मी कुणाचंही कोकरू तोंडावरनं ओळखतो. आणि हे आठवेना. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून ठेवली आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या चाळीत चिमाबाई म्हणून खानावळवाली आहे, तिच्याकडं मी जेवतो. तिच्या परातीतनं मी रोज चिमूटभर पीठ मागायचो आणि तिच्याच तव्याच्या कडेवर सदऱ्याच्या गुंडीएवढ्या बारा भाकरी भाजायचो, कोनाड्यातल्या चुलीपाशी ठेवायला. (बारा का, तर तुमची भूक मला ठाऊक आहे.) शिळ्या भाकरी मुंग्या नेतात, म्हणून रोज ताज्या. आणि कामावर निघताना तुमच्या पायावर बोट लावून कपाळाला लावायचो. तुम्ही तसे हात पुढं करून उभे असताना पाया न पडता निघायची माझी छाती नव्हती. चिमाबाईनं हे दारातनं बघितलं. कोनाडा, घोंगडं पांघरलेला म्हातारा, रोज पाया पडणं, रोज भाकरीचा नैवेद्य. आपल्याकडं घरातलं वडीलधारं गेलं की त्याचा टाक करून देवात ठेवतात, हे तिला माहीत. तिनं बरोब्बर दोन आणि दोन चार केले. बिचाऱ्याचं कुणीतरी मोठं माणूस गेलं, परक्या गावात सांगणार कुणाला, गप गिळून बसलाय. मग तिनं सगळ्या चाळीला सांगितलं.

परवा सोमवारी कामावरनं आलो तर माझ्या दारात वीस माणसं मान खाली घालून बसलेली. चाळीत कुणीतरी गेलं हे उघड होतं. मला जागा दिली, मी बसलो, मान खाली घातली. चिमाबाई डोळे पुसत होती, ते बघून मलाही भरून आलं. (मढं कुणाचंही असो, आपण रडायला कंजूषपणा करू नये, हे तुम्हीच शिकवलंत.) चांगली अर्धी घटका रडलो. मग शेजारच्याला हळूच विचारलं, कोण गेलं? त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझा मामा की रं."

मामा, मला वाटलं गावाकडनं कार्ड आलं असणार, यांनी वाचलं असणार, आणि मला सांगायचं कसं म्हणून असे बसले असणार. खरं सांगतो, पहिला विचार वाईट आला. आता 'जा, घेऊन जा' असं म्हणणार कोण? आणि त्याच्या मागनं दुसरा आला, की आता मला वाईट बोलणार कोण? बाप तर मी बघितलाच नाही, जे काय होतं ते तुम्हीच. मग जो रडलो तो खराखुरा रडलो, आवाज काढून. तेवढ्यात कुणीतरी माझी हनुवटी धरली, गार पाणी लावलं, मला शुद्ध नव्हती. डोळे उघडले तेव्हा समोर कोनाडा दिसला. त्यात झेंडूचा एवढा थोरला हार घातलेला, की तुम्ही पुरे झाकून गेलेले, आणि फुलांतनं तुमचा तेवढा हुकूम सोडणारा हात बाहेर आलेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर न्हाव्यानं माझी मिशी उतरवली होती. बापाच्या जागी मामा म्हणून.

मी ओरडून सांगितलं की माझा मामा जिवंत आहे. सगळ्यांनी मान हलवली. एक म्हातारा म्हणाला, "व्हय बाबा, जिवंतच हाय. माणूस जातंय कुटं?" मी म्हटलं हे मातीचं चित्र आहे, गड्ड्यावरचं, आधी साहेब होता. तेव्हा चिमाबाई दुसरीला म्हणाली की लई लागलंय मनाला, दोन दिस एकटा सोडू नका. जितकं खरं सांगावं तितकी ती रडायची.

दुसऱ्या दिवशी आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मल्लप्पा याच्याकडं गेलो. तो अक्कलकोटाकडचा, अर्धं कानडी बोलतो. मी येण्याआधीच त्यानं साहेबाकडनं माझी चार दिवसांची रजा मंजूर करून ठेवली होती. मी सगळी हकिकत सांगितली. त्यानं माझ्या ओठाकडं बघितलं, लई वेळ बघितलं, आणि म्हणाला, "साहेबाला काय सांगू मी, म्हातारा उठून बसला म्हणून? होगप्पा, जा बाबा. खरंच जिवंत आहे का बघून तरी ये." रजा आहे, काम सुटलेलं नाही, हे इथं मुद्दाम लिहितो.

तरी मनात काही आणू नका. मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. त्या हिशेबानं तुमची सोय मी चांगली करून ठेवली आहे. हार उतरवला, कुंकू पुसलं, तुम्ही परत दाराकडं बघत उभे आहात. मामींना सांगा थंडीचं कान बांधून निजा. लहानांना आशीर्वाद देण्याइतका मोठा मी झालेलो नाही, तेव्हा तो तुमच्याकडूनच द्यावा. इथं पत्र संपलं.

आपला
धुळा

ता.क. तुमच्या लेकीच्या जुन्या लुगड्याची टीचभर चिंधी असली तर पाठवावी, गवळणीला नेसवायला. रंग कुठलाही चालेल. धुतलेली नसली तर जास्त बरं. (मास्तर, शेवटचं वाक्य वाचू नका.)

दुसरा ता.क. चिंधीनं भागणार नाही असं वाटतं. नेसवीन, पण तोंड कुठनं आणू? तोंड करायचं तर माणूस समोर बसायला पाहिजे. चिमाबाईच्या बाजूची खोली रिकामी झाली आहे, चूल आहे, दाराला कडी आहे, मी हो म्हटलं आहे. तेव्हा चिंधी पाठवण्यापेक्षा चिंधीसकट तुमच्या तानाबाईलाच धाडा. तेवढं तोंड होईपर्यंतच. माझा हात जरा सावकाश चालतो, तीस-चाळीस वर्षं लागतील.

तिसरा ता.क. हे पत्र टपालानं आलेलं नाही. मोटारीनं आणून मीच शाळेत मास्तरांच्या हातात दिलं आहे, कारण तुमच्या तोंडावर मला यातलं एक अक्षर बोलता आलं नसतं, आणि असा बिनमिशीचा एकदम समोर आलो तर मामी किंकाळी फोडतील. वर्षाला महिना उरला आहे म्हणून कुंपणाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. बांधावरच्या बाभळीमागं उभा आहे. हो असलं तर तिलाच बाहेर धाडा. नाही असलं तर तुम्ही या. तुम्हाला बघेन आणि जाईन.