खोडलेली लेडी

यवतमाळ, २ मे १९६१

आज पुन्हा तेच! संस्थेच्या पत्राखाली सही — 'ऑनररी सेक्रेटरी चिटणीस, वामनराव'. अहो, सेक्रेटरी म्हणजेच चिटणीस! पण या गृहस्थाला सांगणार कोण? मीच. संस्थेची टायपिस्ट मी, मुलींचं होस्टेल 'तात्पुरतं' सांभाळणारी मी, आणि इंग्रजीची झाडझूडही माझ्याच गळ्यात. होस्टेलच्या आधीच्या बाई लग्न होऊन गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी तात्पुरतीच आहे.

'चिटणीस' खोडून दिलं. वामनरावांचं तोंड एवढंसं झालं.

५ मे

नवीन वर्षाच्या नेमणुकांचे कागद टाइप केले. स्वयंपाक करणारी हंसाबाई कागदावर काय, तर 'लेडी कुक स्वयंपाकीण'! मी नुसतं 'कुक' ठेवलं. हंसाबाई दुपारी ऑफिसात येऊन उभी. तिला वाटलं तिचं काम कापलं. अर्धा तास समजावलं. जाताना म्हणते, "तीन शब्द होते तं बरं वाटत होतं, बाई." हसू आवरेना.

हे वेड मला बापूंनी, माझ्या वडिलांनी लावलं. मास्तर होते. पत्रात एक शब्द जास्त सापडला की ते पत्र फाडायचे.

९ मे

बातमी खरी! होस्टेलला सरकारी अनुदान मंजूर. सुपरिंटेंडंटची जागा आता कायमची भरायची.

दुसऱ्या कोणाला सांगायची लाज वाटेल, पण इथे लिहिते. मला ही जागा हवी आहे. फार हवी आहे. चौतीस वर्षांची झाले, बापूंच्या मागे या घरात बोलायला भिंतीच आहेत. त्या पोरी आल्या की मला घर असल्यासारखं वाटतं. त्यातही लाली. मुकुटबनकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून आलेली, लखीराम नाईकांची मुलगी. आली तेव्हा इंग्रजी अक्षर ओळखत नव्हती, आता आठवीत पहिली आली आहे. तिला मॅट्रिक करून दाखवायचंच.

११ मे

वामनरावांनी जाहिरात लिहून आणली — 'वाँटेड लेडी सुपरिंटेंडंट, फीमेल, फॉर गर्ल्स होस्टेल'. लेडी आणि वर फीमेल! मी 'फीमेल' खोडलं. मग हात शिवशिवला, 'लेडी'ही खोडलं.

ते म्हणाले, 'लेडी' राहू द्या ना, काय बिघडतं? मी चांगलं व्याख्यान दिलं. म्हटलं, मुलींचं होस्टेल म्हटल्यावर बाईच येणार, तिथे पुरुष कोण नेमतो? शहाण्याला शब्दाचा मार! ते जरा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुम्ही म्हणता ते बरोबर. आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला. एवढं पटकन कधी ऐकत नाहीत. आज स्वारी खुशीत दिसली.

२६ मे

अर्ज दिला. एका पानात. एक शब्द जास्तीचा नाही.

१० जून

मुलाखत झाली. बाहेर बाकावर बाबाराव बसलेले — वामनरावांचे धाकटे साळे, बाभुळगावच्या कापसाच्या जिनात होते, ते काम सुटलं म्हणे. मला वाटलं भाऊजींचा डबा घेऊन आलेत. उन्हाचे आले म्हणून पाणी दिलं. बिचारे विचारत होते, होस्टेलात मुली किती, रात्री दाराला कुलूप कोण लावतं. मी सगळं सांगितलं. काही अडलं तर विचारा, असंसुद्धा म्हटलं!

१४ जून

नेमणूक झाली. बाबाराव.

मी वामनरावांसमोर उभी राहिले. विचारलं, मुलींच्या होस्टेलवर पुरुष? ते चष्मा पुसत म्हणाले, "जाहिरातीत बाई पाहिजे असं कुठं होतं? तुम्हीच तर काढलं, इंदूबाई."

ऑर्डर टाइप करायलाही मलाच दिली. केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

१५ जून

रडले. बापूंवर चिडले. मग स्वतःवर.

२६ जून

होस्टेल उघडून आठवडा झाला. मी आता फक्त टायपिस्ट. ऑफिसच्या खिडकीतून सगळं दिसतं, नको तरी दिसतं.

बाबाराव वाईट माणूस नाहीत, हीच पंचाईत. मनसोक्त शिव्याही देता येत नाहीत. आत पाऊल टाकायची त्यांना लाज वाटते. फाटकाजवळ बाकावर बसून होस्टेल चालवतात. मुली जेवल्या का, हे हंसाबाईला ओरडून विचारतात. आत जायची वेळ आली तर आधी इतके खोकतात की कोणी वैद्य बोलवावा. मुली अंगणात यायच्या बंद झाल्या. एका धाकटीला ताप होता, ते तिने दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला?

२८ जून

आज लखीराम नाईक लालीला घेऊन आले. पहिल्यांदा तिला आणलं तेव्हा त्यांनी तिचा हात माझ्या हातात दिला होता. म्हणाले होते, आजपासून हिची याडी तुम्ही. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

फाटकाशी बाबाराव उठून उभे राहिले. लखीरामभाऊंनी विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, सुपरिंटेंडंट. म्हणजे काय? हंसाबाईने मधेच सांगून टाकलं — इंदूबाई करत होत्या ते. लखीरामभाऊंनी लालीची पेटी उचलली अन् वळले.

मला वाटलं, संपलं. पोरगी तांड्यात गेली की होळीपर्यंत लग्न. टाइप करताना दिवसभर चुकत होते.

संध्याकाळी घरी आले तर दोघं माझ्याच ओसरीवर! मी आत बोलवायचंही विसरले, उभ्यानेच सुरू झाले. म्हटलं, तिला नेऊ नका, हुशार आहे, तुमच्या पाया पडते. लाली खाली मान घालून बसलेली. लखीरामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नेतो कोन? मी पोरगी संस्थेले नाही देल्ली, बाई. तुमच्या हाती देल्ली. तुमी जिथं, पोरगी तिथं."

ज्वारी पाठवतो म्हणाले. चहा घेऊन गेले. लालीने उठून दिवा लावला.

१ जुलै

तांड्याची गोष्ट बाजारात पोचली. महागावकडचे दोन पाटील आपापल्या मुली घेऊन दारात! लखीराम नाईकांनी ठेवली, आमची पण ठेवा. नाही कसं म्हणू? शेजारच्या मथुराबाई कुंपणावरून म्हणतात, "काहून वो, बिनपगारी लष्कर पोसता?" आणि संध्याकाळी त्यांनीच सतरंज्या आणून दिल्या.

५ जुलै

ओसरी भरली. होस्टेलातल्या उरलेल्या पोरीही पेट्या घेऊन इथेच आल्या. काल हंसाबाईसुद्धा आली. तिकडे स्वयंपाक कोणासाठी करू, म्हणते. पाठ दुखते. आवाज बसला आहे. फार छान वाटतं आहे.

भीतीही वाटते. असं किती दिवस चालेल? टायपिस्टच्या पगारात इतकी तोंडं! आणि संस्थेने तीही नोकरी काढली तर पोरींना पुन्हा गावी धाडावं लागेल. लालीला यातलं काही बोलले नाही.

८ जुलै

वामनराव स्वतः घरी आले. अनुदानाचे तपासनीस सोमवारी येणार, आणि होस्टेलात बाबाराव आहेत, मुली नाहीत! तोडगा लिहूनच आणला होता — माझ्यासाठी नवी जागा, 'लेडी असिस्टंट सुपरिंटेंडंट'. मुलींना घेऊन या, म्हणाले.

मी पेन घेतलं. 'लेडी' राहू दिलं. 'असिस्टंट' खोडलं.

"अहो इंदूबाई," ते म्हणाले, "एका होस्टेलला दोन सुपरिंटेंडंट? एक जास्तीचा होतो."

म्हटलं, "होतो ना. खोडा."